पाखऱ्याचं ताट : एका कारवानी कुत्र्याच्या आहाराच्या नोंदी

2 फेब्रुवारी

पाखऱ्या घरी आला त्याला आज तीन आठवडे झाले. उदगीरकडच्या पाहुण्यांच्या शेतावर वाढलेला कारवानी, नर, वय सव्वादोन वर्षं. नावही तिकडचंच. त्यांच्या एका बैलाचं होतं, बैल गेल्यावर या पिल्लाला दिलं. खांद्यापाशी उंची 69 सेंटिमीटर. त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो, मग एकटा उभा राहिलो आणि वजाबाकी केली : 21.4 किलो.

वही आजपासून सुरू करतोय, कारण घरात दोन मतं झाली आहेत. आई म्हणते, "भरपूर खातो, तरी अंगी लागत नाही." लेक म्हणते, या जातीचे कुत्रे असेच बारीक असतात. दोघींचंही थोडं थोडं खरं असणार. अंदाजावर चालण्यापेक्षा मोजून बघू.

सध्याचं जेवण : दिवसाला सहा पोळ्या आणि लिटरभर दूध, कधी उरलेलं वरण. पोळीचे साधारण 100 कॅलरी धरले तर 600, दुधाचे 650, म्हणजे सगळे मिळून साडेबाराशे. बसून राहणाऱ्या कुत्र्याला हे कसंबसं पुरेल. पण प्रथिनं जेमतेम 50 ग्रॅम, आणि त्यातली गव्हाची कमअस्सल. एएएफसीओ या अमेरिकी संस्थेच्या मानकात पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दर 1000 कॅलरीमागे किमान 45 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे इथे किमान 56 हवीत. लोह आणि जस्त तर या ताटात नावालाच. शी रोज पातळ. दूध पचवणारं विकर वय वाढेल तसं बहुतेक कुत्र्यांत कमी होत जातं, त्यामुळे एवढं दूध त्याला झेपत नसणार.

केस हाताला राठ लागतात. पाठीचे मणके एकेक मोजता येतात.

5 फेब्रुवारी

डॉक्टर मॅडमकडे जाऊन आलो. त्यांनी ताटाची चौकशी नंतर केली, आधी शी तपासायला मागितली. अंकुशकृमी निघाले. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, हिमोग्लोबिन 10.8 आलं, कुत्र्याला ते किमान 12 तरी हवं. औषधाचा पहिला डोस आजच दिला, दुसरा तीन आठवड्यांनी. गोचीडतापाची तपासणी केली, ती सुदैवाने स्वच्छ आली. मॅडम म्हणाल्या, "जंत असताना कितीही खाऊ घाला, वाटा आधी त्यांचा." आम्ही तीन आठवडे पोळ्या वाढवत बसलो होतो, याचं वाईट वाटलं.

मग त्यांनी माझा हात धरून बरगड्या कशा बघायच्या ते शिकवलं. हे लिहून ठेवतो, कारण यापुढे काट्याइतकाच भरवसा यावर ठेवायचाय. आपला हात पालथा सपाट धरून मागच्या हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवायची. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा ठीक. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या गाठींसारख्या लागल्या तर बारीक. आणि तळहाताच्या उशीतून हाड शोधावं लागतं तसं झालं तर जाड. एक ते नऊ अशी पायरी असते, चार-पाच उत्तम. कारवानी, पश्मी, मुधोळ या धावणाऱ्या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, तो दोष नव्हे. पाखऱ्याच्या मात्र सगळ्या दिसतात, कमरेची हाडं टोकदार झाली आहेत आणि मांडीला मांस नाही. मॅडमनी पायरी तीन लिहिली. लक्ष्य 25 किलो, तेही सावकाश, चार महिन्यांत.

7 फेब्रुवारी

हिशेब. मॅडमनी दिलेली रीत साध्या कॅल्क्युलेटरवर होते. जितकं वजन हवं ते स्वतःनेच दोनदा गुणायचं, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढायचं आणि 70 ने गुणायचं. 25 किलोला : 25 गुणिले 25 गुणिले 25 म्हणजे 15,625. पहिलं वर्गमूळ 125, दुसरं 11.18. गुणिले 70 म्हणजे 783 कॅलरी. हा नुसता श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब यांचा खर्च. धडधाकट, नसबंदी न झालेल्या कुत्र्याला याच्या 1.8 पट, रोज पळणाऱ्याला दुप्पट किंवा थोडं वर. म्हणजे 1,409 ते 1,566. आम्ही 1,500 पासून सुरू करतोय. आकडा सुरुवातीपुरता, पुढे बरगड्या सांगतील तसं खालीवर.

9 फेब्रुवारी

पहिलं पातेलं. रोजचं माप, कच्च्या वजनाने (भात तेवढा शिजलेला) :

बिनहाडाची, बिनकातडीची कोंबडी 450 ग्रॅम, बहुतेक मांडीची. कोंबडीची कलेजी 30 ग्रॅम. भात 450 ग्रॅम. दोन अंडी. कोहळं (लाल भोपळा) 100 ग्रॅम. दही 100 ग्रॅम. तेल दोन चमचे. बेरीज 1,480 च्या आसपास, प्रथिनं सव्वाशे ग्रॅमच्या जवळ.

कलेजी स्वस्त मिळते म्हणून दुकानदार अर्धा किलो घ्या म्हणत होता. तसं करायचं नाही. कलेजीत अ जीवनसत्त्व फार, ते शरीरात साठत जातं आणि रोज जास्त झालं तर हाडांना त्रास देतं. तीस ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या.

कोहळं नागपूरच्या कॉटन मार्केटमधून आणलं. लाल, पक्कं, साल दगडासारखी. फोडी वाफवून कुस्करल्या की त्याचा तंतू शीला बांधतो. भात मऊसर, कणी मोडेल असा शिजवला. कुत्र्याला भात पचतो, फक्त फडफडीत नको. पातेल्यात कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. आईला हे अवघड गेलं. फोडणीशिवाय काही शिजवायचं म्हणजे तिला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. झाकण काढलं तेव्हा पाखऱ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, नाक वर, पुढचा एक पाय उचललेला. शेतावर सशाचा माग लागला की असाच उभा राहायचा म्हणे.

एकदम बदल करायचा नाही. तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. दूध बंद.

17 फेब्रुवारी

शी घट्ट. दोनच वेळा. आजपासून पूर्ण नवं जेवण.

23 फेब्रुवारी

आज फक्त चुन्याबद्दल, म्हणजे कॅल्शियमबद्दल. घरी शिजवून घालणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते असं मॅडमचं म्हणणं, आणि आम्हीही तीच करणार होतो.

मांसात स्फुरद भरपूर असतं आणि कॅल्शियम जवळजवळ नसतं. शरीराला दोन्ही ठरावीक प्रमाणात लागतात. स्फुरदाइतकं किंवा त्याहून थोडं जास्त कॅल्शियम. ताटातून मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. कुत्रा चकचकीत दिसतो, हौसेने खातो, आणि आतून हाडं ठिसूळ होत जातात. बाहेरून काही महिने पत्ताच लागत नाही.

उपाय घरातच होता, रोज कचऱ्यात जाणारा. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळली, उन्हात कडक वाळवली आणि मिक्सरच्या लहान भांड्यात पीठ होईपर्यंत फिरवली. बोटांत चोळून कचकच लागली तर परत फिरवायची. टरफलाच्या वजनाचा सुमारे 38 टक्के भाग कॅल्शियम. पाखऱ्याला 1,500 कॅलरीच्या ताटामागे रोज दोन ग्रॅमच्या आसपास हवं, म्हणजे ही पूड पाच ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. सोन्याच्या काट्यासारखा छोटा काटा मागवला, त्यावर मोजली.

एवढ्याने ताट पूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमीच पडतात. त्यासाठी मॅडमनी कुत्र्यांची जीवनसत्त्व-खनिजांची पूड दिली आहे. तिच्यात कॅल्शियम किती, ते डबा वाचून आधी विचारून घेतलं, दुप्पट व्हायला नको म्हणून.

पिल्लांना यातलं काही मनाने करू नये. मोठ्या चणीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी पाय वाकतात, सांधे बिघडतात. आतड्यातून जादाचं कॅल्शियम शोषलं जाणं रोखणं त्याच्या शरीराला नीट जमत नाही. पाहुण्यांकडे फोन करून हे मुद्दाम सांगितलं, कारण तिथे पिल्लांना कॅल्शियमची बाटली सर्रास पाजतात.

8 मार्च

वजन 22.7. मांडीचं मांस हाताला लागायला लागलं.

तेलाचा प्रश्न. केसांसाठी जवस घाला असं चार जणांनी सांगितलं. आपल्या विदर्भात जवस घरोघरी, चटणी रोजची, त्यामुळे तेच सुचतं. पण जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या रूपातलं असतं. कुत्र्याचं शरीर त्यातलं फार थोडंच माशातल्या रूपात बदलू शकतं, आणि कातडी-सांध्यांना उपयोग त्या दुसऱ्याचा होतो. मॅडमनी माशाच्या तेलाची कॅप्सूल सांगितली. टोचून भातावर पिळतो. घरभर वास सुटतो, पण पाखऱ्या वाडगं जमिनीवर सरकवत सरकवत चाटतो.

16 मार्च

लेकीचा वाढदिवस होता. घरी सावजी मटण, पंचवीस माणसं. सूचना सगळ्यांना दिली होती, तरी एका जवळच्या पाहुण्याने प्रेमाने ताटातली चार-पाच हाडं रश्श्यासकट गच्चीवर नेऊन पाखऱ्याला घातली. मला कळलं ते लेक धावत आली तेव्हा. "बाबा, त्याने हाडं चावली नाहीत, गिळलीच."

दोन संकटं एकदम. शिजलेलं हाड कच्च्यासारखं चेचत नाही, त्याचे टोकदार तुकडे होतात आणि घसा, आतडं कुठेही टोचू शकतात. आणि सावजी रस्सा म्हणजे वाटलेला भाजका कांदा आणि लसूण. त्यांतली द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने ती जात नाहीत. मॅडमना फोन केला. उलटी करवायची नाही म्हणाल्या, हाड वर येताना जास्त फाडतं. तसेच गाडीत घालून नेलं. एक्स-रेमध्ये पोटात तीन तुकडे दिसले, अडकलेला एकही नव्हता. कांद्याबद्दल हिशेब सांगितला : कुत्र्याच्या दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसू शकतात. रश्श्यातून एवढा गेला नसणार, पण त्याचं हिमोग्लोबिन आधीच कमी, म्हणून बेफिकीर राहता येत नाही. परिणाम लगेच दिसत नाही, तीन ते पाच दिवसांनी दिसतो.

22 मार्च

सहा रात्री बॅटरी घेऊन हिरड्या बघितल्या. वरचा ओठ अंगठ्याने उचलायचा, सुळ्याच्या वर बोट दाबायचं, सोडायचं. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पाखऱ्या पहिल्या रात्री मान फिरवत होता, चौथ्या रात्री बॅटरी दिसली की स्वतःहून तोंड पुढे करायला लागला. लघवीचा रंगही रोज बघितला, लालसर-तपकिरी नाही ना. काल रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 12.3, म्हणजे घसरण नाही, उलट वाढ. हाडांचे तुकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडून गेले होते.

त्या पाहुण्यांना मी काही बोललो नाही. ते स्वतः दोनदा फोन करून विचारत होते. गच्चीच्या दाराला आता कडी बसवली आहे, आणि द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण अशी यादी आईने दाराला चिकटवली आहे. शुगरफ्री गोळ्या-च्युइंगममधलं झायलिटॉल मी खाली वाढवलं.

2 एप्रिल

खाण्याचा वेग. आज घड्याळ लावलं : अर्धं ताट, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या घरातलं अन्न, 38 सेकंद. हे चांगलं नाही. याच्यासारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून स्वतःभोवती पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ताणतं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. दिवसाचं सगळं एकदम खाणं, घाईने गिळणं, वाढतं वय आणि आईबापात तसा आजार, ही कारणं त्यामागे दिसून आली आहेत.

वाडगं उंचावर ठेवलं तर बरं असतं असं ऐकून सुताराला स्टुलाचं माप दिलं होतं. ते रद्द केलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच वाडग्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका वाढलेला दिसला होता. वाडगं जमिनीवरच.

त्याऐवजी आईने कपाटावरची पितळी परात काढली. कणीक मळायची जुनी, काठाला पोचा आलेली. तिच्यात अन्न बोटभर जाडीचं पसरून दिलं आणि मधे एक गुळगुळीत, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा वरवंट्याचा तुकडा ठेवला. तो दगडाच्या भोवतीने चाटत फिरला. सहा मिनिटं वीस सेकंद.

सकाळ-संध्याकाळ दोन भाग. पळून आल्यावर धाप पूर्ण बसेपर्यंत, किमान तासभर, जेवण नाही. जेवल्यावर दोन तास पळणं नाही. आणि घरातल्या सगळ्यांना पाठ करून घेतलं : ओकारीचा आव आणतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं, लाळ, एका जागी न बसणं, असं दिसलं तर वाट न बघता थेट दवाखाना, रात्री दोन वाजले असले तरी.

20 एप्रिल

24.1 किलो. सकाळी पाचला अंबाझरीच्या बाजूला फिरणं, आठवड्यातून तीनदा हिंगणा रोडकडच्या एका ओळखीच्या कुंपणबंद प्लॉटवर मोकळं पळणं. पळतो तेव्हा मातीवर पायांचा आवाज येतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

रस्त्यात आज परत एकाने हटकलं. "काऊन भाऊ, कुत्र्याले खायाले देत नाही का? हाडं दिसून रायली त्याची." फेब्रुवारीत हे ऐकलं की मान खाली जायची. आज थांबून त्यांचा हात पाखऱ्याच्या बरगड्यांवर ठेवला, मग मांडीवर. मांडी दाबून ते म्हणाले, "अरे, हे तं लाकूड आहे." पाच मिनिटं थांबले. हा विलायती का, असंही विचारलं. आपल्याच मातीतला म्हटलं, लातूर-सोलापूरकडचा, शेजारच्या कर्नाटकातल्या मुधोळचा भाऊबंद. त्या मुधोळ कुत्र्यावर टपाल खात्याने 2005 मध्ये तिकीटही काढलंय.

मला खरी काळजी उलट बाजूची आहे. लोकांच्या बोलण्याने या कुत्र्यांना लॅब्राडॉरसारखं गोल करायचं, आणि मग ते अंग घेऊन पळवायचं, यात सांधे जातात. आमचं थांबायचं ठिकाण 25 आहे.

6 मे

आईच्या पदराला वास येतो म्हणून पाखऱ्या तिच्यामागे फिरतो असं वाटत होतं. आज कळलं, ती दुपारी त्याला पोळी देते. रोज दोन. वजन 25.3 कसं झालं ते आता उमगलं. तिला रागावलो नाही. ती म्हणाली, "दारातल्या जिवाला हाताने तुकडा दिल्याशिवाय मला जेवण जात नाही रे." यावर वाद होऊ शकत नाही. ठरलं असं : अर्धी पोळी, तिच्याच हातून, रोज. पन्नास कॅलरी. तेवढ्यासाठी भातातून 40 ग्रॅम कमी. तिने स्वतः काट्यावर भात मोजून काढला.

27 मे

नवतपा. पारा 45 च्या पुढे, रात्री दहालाही भिंती तापलेल्या. पाखऱ्या अर्धं ताट सोडतो. पहिल्या दिवशी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, पळणं कमी झालं तर भूक कमी होणारच, जबरदस्ती नको. फिरणं पहाटे पावणेपाचला अर्धा तास आणि रात्री नऊनंतर पायाला फरशी सोसेल तेव्हा. पळवणं पूर्ण बंद. ताट 1,250 वर आणलं : भात 300 ग्रॅम, कोंबडी 400. प्रथिनं फार तोडायची नाहीत, मेहनतीने आलेलं मांस जायला नको.

पाणी एरवी दर किलोला 50-60 मिली, म्हणजे दीड लिटरपर्यंत पुरतं, आणि शिजलेल्या अन्नातूनही बरंच जातं. आता तीन ठिकाणी भांडी, एक मातीचं, कूलरच्या खोलीत. पातळ ताक, बिनमिठाचं. बिया काढलेलं टरबूज चार फोडी. जेवण उरलं तर वीस मिनिटांत उचलायचं, या उन्हाळ्यात कोंबडी-भात तासाभरात आंबतो.

थर्मामीटर हाताशी. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमानच 38.3 ते 39.2 सेल्सियस, 41 च्या वर गेलं तर उष्माघात, ओला टॉवेल, पंखा आणि तडक दवाखाना. अजून वेळ आलेली नाही.

14 जून

काल रात्री पहिला दमदार पाऊस. पहाटे प्लॉटवर नेलं. तीन आठवड्यांनी मोकळा सुटला आणि चिखल उडवत सहा फेऱ्या मारून स्वतःच येऊन पायाशी बसला.

संध्याकाळी दवाखाना. 24.9 किलो. पायरी चार. हिमोग्लोबिन 15.1, ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्यांत हा आकडा इतरांपेक्षा वरच असतो, त्यामुळे अजून चढला तरी नवल नाही असं मॅडम म्हणाल्या. शी स्वच्छ, पण पावसाळ्यात जंत परत लागतात, पुढची तपासणी ऑगस्टमध्ये. पाठीवरचे केस हाताखालून रेशमासारखे सरकतात. मॅडमनी बरगड्यांवर हात फिरवून बाजूच्या शिकाऊ मुलीचा हात तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "हे लक्षात ठेव, असं लागलं पाहिजे."

पळणं सुरू झालं म्हणून उद्यापासून ताट परत 1,500. कोंबडी 450, भात 410, टरफलाची पूड तशीच. आईने नवा कागद लिहून फ्रीजला लावला आहे. शेवटच्या ओळीत तिच्या अक्षरात, अर्धी पोळी, दुपारी एक वाजता.